तळीचा पाचवा हात

माले गावच्या हैबतरावांकडे चंपाषष्ठीला खंडोबाची तळी उचलायला बाहेरचा माणूस कधी लागला नव्हता. हैबतराव, धाकटा भाऊ गेणबा, गेणबाचे दोन लेक आणि हैबतरावांचा एकुलता एक बहिरू. घरचेच पाच जण. बासष्ट साली चारच उरले. बहिरू पलटणीत होता. सरहद्दीवरची लढाई थांबली तरी दसऱ्यापासून त्याचं ना पत्र, ना तार.

त्याची आई तुळजाबाई रडत नव्हती. आळीतल्या बायका येत, पदर डोळ्यांना लावत आणि हिच्या डोळ्यांत पाणी येतंय का ते निरखून जात. येत नव्हतं. आतून सगळं बधिर झालं होतं. सकाळी भरताची वांगी भाजताना बोटं पोळली, तेही फोड आल्यावर कळलं. चातुर्मासाचे चार महिने घरात वांगं शिजलं नव्हतं. आज भरीत होतं, बाजरीचे रोडगे होते, पण तळी उचलल्याशिवाय घास घ्यायचा नाही.

"चौघांनी तळी उचलत न्हाईत," गेणबा म्हणाला. "बिरू धनगराला हाक मारतो. आपल्याच वावरात मेंढरं बसवल्यात त्यानं."

"माझ्या बहिऱ्याची जागा भरू नगा," तुळजाबाई म्हणाली.

दुपार कलली. देव उपाशी, घर उपाशी. शेवटी तीच म्हणाली, "बलवा त्याला."

बिरू हातपाय धुऊन संकोचत आला आणि बहिरूच्या जागी बसला. भंडारा उधळला, येळकोट झाला, तळी तीनदा उचलली. तुळजाबाईला काहीच वाटलं नाही. वाटायला हवं होतं, एवढंच वाटलं.

मग पंगत बसली. बिरू खाणारा गडी, पण परक्या घरी लाजत होता. तुळजाबाईनं तिसरा रोडगा त्याच्या ताटात टाकलाच.

"बास, काकी. लई झालं."

"गप जेव. आन पुढल्या साली बी तळीला तूच ये रं बाबा."

जेवणाऱ्याला बाई आग्रहानं बोलतेच, तसं बोलून गेली. गेणबाचा घास हातातच राहिला. हैबतरावांनी मान वर केली नाही. बिरू ताटावर तसाच थिजला. एकुलत्या एका लेकावर तिनं आपल्याच तोंडानं पाणी सोडलं होतं. तुळजाबाईला आपलं बोलणं मागाहून उमगलं, आणि तिनं हंबरडा फोडला.