पुलावर बाई एकच

आमच्या केडगावच्या घरी फ्रिजच्या दारावर एक कागद चिकटवलेला होता. प्राग नावाच्या शहरात आठ दिवसांत काय काय बघायचं, ते त्यावर वारासकट लिहिलेलं होतं. सोमवारी किल्ला, मंगळवारी घड्याळ, बुधवारी पूल. तो जाऊबाईंच्या नातीने तिकडून फोनवर पाठवला आणि माझ्या सुनेने मोठ्या अक्षरांत छापून आणला. मी चौथी शिकले आहे. जाऊबाई शाळेत गेल्याच नाहीत. त्यामुळे वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. दिवसातून चारदा तरी वाचावं लागे.

थोरल्या जाऊबाई माझ्याहून सहा वर्षांनी मोठ्या. दोघींचे नवरे गेले. दोघी माझ्या मुलाकडे राहतो आणि दोघींच्या साड्या एकाच कपाटात असतात. त्यांचा मुलगा आणि सून राजूरकडच्या शाळांमध्ये शिकवतात, कायम बदलीच्या गावी, म्हणून त्यांची मुलगी जाऊबाईंनीच वाढवली. ती शिकली, प्रागला नोकरीला लागली आणि तीन वर्षं आली नाही. फोनवर रोज दिसायची. जाऊबाई काचेवरून दोन्ही हात फिरवायच्या आणि कानशिलांवर बोटं मोडायच्या. दहाच्या दहा वाजायची. मग म्हणायच्या, "दिसती, पर हाताला काचच लागती."

म्हणून त्यांना जायचं होतं. किल्ल्याचं आणि घड्याळाचं त्यांना काही नव्हतं, पोरीच्या तोंडावरून एकदा हात फिरवायचा होता. मी सोबत म्हणून जाणार होते. मला परदेश बघायची हौस नव्हती, अजूनही नाही.

सुनेने आम्हाला टॅबलेटवर ते शहर उघडून दिलं. रस्त्यांचे फोटो असे जोडलेले असतात की बोटाने पुढे ढकललं की आपण चालत जातो. पहिल्या दिवशी आम्ही नातीच्या घरापासून चौकापर्यंत गेलो. दगडी रस्ते, उंच घरं, माणसं भरपूर. पण एकाही माणसाला तोंड नव्हतं. सगळ्यांचे चेहरे ओल्या फडक्याने पुसल्यासारखे.

"ही अशी का गं?" जाऊबाईंनी विचारलं.

"मशीन पुसतं, मोठ्या आई," सून म्हणाली. "कुणाची ओळख पटू नये म्हणून."

पुलावर दोन्ही बाजूंना दगडी पुतळे आहेत. मशीनला माणूस आणि पुतळा यांतला फरक नेहमी कळत नाही. त्याने दोन-तीन पुतळ्यांचेही चेहरे पुसले होते. जाऊबाई बराच वेळ ते बघत राहिल्या. मी म्हटलं पुढं चला, तर त्यांनी बोटाने ढकललं आणि थांबल्या.

पुलाच्या मधोमध एक बाई उभी होती. अंगावर साडी. तपकिरी, पिवळ्या काठांची. खांद्यावर पिशवी. चेहरा पुसलेला.

"ही मी," जाऊबाई म्हणाल्या.

"असेल कोणीतरी फिरायला आलेली," मी म्हटलं. "असली साडी बाजारात ढिगानं मिळते."

"ढिगानं मिळू दे. ही मीच हाय."

मी वाद घातला नाही. त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, दुसऱ्याचं ऑपरेशन झालेलं आहे. त्यांना ढगातसुद्धा माणसं दिसतात.

व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यावे लागतात, आणि जाऊबाईंच्या बोटांवर काहीच नव्हतं. हे आम्हाला रेशनच्या दुकानातून माहीत होतं. तिथल्या मशीनवर त्यांचा अंगठा कधी उठत नाही. जन्मभर कांदे कापले, शेणाने सारवलं, राखेने भांडी घासली, त्यात रेषा गेल्या. दुकानदाराने सांगितलं होतं की महिनाभर हाताला काम लावू नका, रोज तूप चोळा, रेषा परत येतात. सुनेने तेच केलं. त्यांच्या हातातून विळी काढून घेतली, झाडू काढून घेतला. साधी कोथिंबीर निवडू देईना.

"मला काय नवरी केली का?" जाऊबाई म्हणायच्या.

"नवरीला काम असतं," मी म्हणायचे. "तुमी तर पाव्हण्या झाल्या."

आणि तसंच झालं. काम नसल्यामुळे त्या दिवसभर टॅबलेट घेऊन बसू लागल्या. नातीच्या घरापासून निघायचं, चौकातून घड्याळापाशी, तिथून पुलावर, त्या बाईपर्यंत. मग मागे. आठ दिवसांत त्यांना रस्ता पाठ झाला. कागदावरची नावं मी अडखळत वाचायचे, आणि त्या सांगायच्या, "तिथं उजव्या अंगाला पिवळं घर हाय, त्याच्या दाराला दोन पायऱ्या." बघावं तर दोन पायऱ्या असायच्या.

एकदा दुपारी मी त्यांना चहाला हाक मारली. त्या माझ्यापासून चार हातांवर बसल्या होत्या. तीन हाका मारल्या तरी हूं की चूं नाही. हात लावला तेव्हा वळल्या.

"लई गर्दी हुती गं पुलावर," म्हणाल्या. "ऐकूच आलं न्हाई."

मी म्हटलं, चहा निवतोय. पण त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांच्या पायांकडे बघितलं. घोटे सुजले होते, शेतातून चालत आल्यावर सुजायचे तसे. सून म्हणाली, बसून बसून सुजतात. खरंही असेल.

तिथल्या घड्याळाचा व्हिडिओ नातीने पाठवला. दर तासाला एक सांगाडा दोरी ओढून घंटा वाजवतो आणि मान हलवून हो म्हणतो. शेजारचे पुतळे मान हलवून नाही म्हणतात. मला ते बघून बरं वाटलं नाही. जाऊबाई हसल्या.

"दर तासाला बोलावतो आणि कुणीच जात न्हाई. बिचारा."

महिना झाल्यावर मुलाने आम्हाला गाडीने मुंबईला नेलं. ठसे घेणाऱ्या मुलीने माझी बोटं काचेवर दाबली. माझी सांध्यांतून आखडलेली आहेत, नीट सरळ होत नाहीत, पण हिरवा दिवा लगेच लागला. जाऊबाई म्हणाल्या, "कामचुकार बाईचा अंगठा. उठायचाच." त्यांच्या दहांपैकी चार बोटांचे ठसे आले. मुलगी म्हणाली, चालेल, आजी. पासपोर्ट ठेवून घेतले.

पासपोर्ट यायच्या आतच प्रस्थानाचा दिवस आला. आमच्याकडे लांबच्या प्रवासाला मुहूर्ताच्या दिवशी निघता येत नसेल तर प्रस्थान ठेवतात. आपलं एक वस्त्र, सुपारी, हळदीचे तांदूळ असं गाठोडं बांधायचं आणि जायच्या दिशेला दुसऱ्याच्या घरी ठेवून यायचं. मग माणूस निघाला असं धरतात. पुढचे दिवस तो घरात दिसला तरी निघालेलाच असतो. ते गाठोडं परत घरात आणायचं नसतं, निघताना परस्पर उचलायचं. विमान शनिवारचं होतं आणि मुहूर्त नऊ दिवस आधी निघाला.

"तुझं बी ठिवू," जाऊबाई म्हणाल्या.

"माझं नको. मी विमानानं जाणार, गाठोड्यानं न्हाई."

त्यांनी एकटीचंच बांधलं. कपाटातून साडी काढली, फडक्यात गुंडाळली आणि रस्त्यापलीकडे पश्चिमेच्या घरी ठेवून आल्या. परत येताना उंबऱ्यावर थबकल्या. सून म्हणाली, या की आत. त्या आल्या, पण पलंगाच्या कडेवर बसल्या, दुसऱ्याच्या घरी बसतात तशा.

चौथ्या दिवशी पासपोर्ट आले. माझ्यात व्हिसा चिकटवलेला होता. जाऊबाईंच्यात नव्हता. सोबत एक पत्र होतं, त्यात एका रकान्यापुढे खूण होती. सुनेने आधी मनात वाचलं, मग मोठ्याने सांगितलं.

"ह्या बाई परत जातील याची खात्री वाटत नाही, असं लिहिलंय."

मग जाऊबाई म्हणाल्या, "त्यांना कसं कळलं?"

मुलाने पुन्हा अर्ज करता येतो म्हणून सांगितलं. दोन महिन्यांनी, तीन महिन्यांनी. जाऊबाईंनी ऐकून घेतलं. पण त्या दिवसापासून त्यांनी जेवण जवळजवळ सोडलं. ताटावर बसायच्या, दोन घास घ्यायच्या आणि म्हणायच्या, माझा जीव हितं न्हाई. रडल्या असत्या तर मला कळलं असतं काय करायचं. त्या रडत नव्हत्या. माझं प्रस्थान गेलंय, मला जावं लागणार, एवढंच म्हणायच्या. डॉक्टरांनी तपासलं, काही सापडलं नाही.

मी ठरवलं की गाठोडं परत आणायचं. रीत गेली खड्ड्यात. त्यांची साडी त्यांच्यापुढे टाकली की त्या घरात परत येतील, असं मला वाटलं. मी रस्ता ओलांडून गेले. शेजारणीने देवघरातून गाठोडं काढून दिलं. म्हणाली, "नेताय? नेत नसतात." मी तिथेच पडवीत बसून सोडलं.

आत तपकिरी साडी होती. पिवळ्या काठांची. ती माझी होती.

एका लग्नात आम्हा दोघींना आहेर आला होता, त्यांना हिरवी, मला तपकिरी. हिरवी कपाटात तशीच असणार. मोतीबिंदूच्या डोळ्याने त्यांनी हाताला आली ती साडी उचलली होती. म्हणजे मुहूर्तावर गेले होते ती मी. त्या नव्हत्याच गेल्या.

मी गाठोडं पुन्हा बांधलं, शेजारणीकडे दिलं आणि घरी आले. जाऊबाई टॅबलेट घेऊन बसल्या होत्या. काचेवर तीच बाई.

"तुमी माझी साडी ठिवली," मी म्हटलं. "तुमचं परस्थान झालंच न्हाई. उठा, जेवा."

त्यांनी काचेकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मग ही तू व्हय," त्या म्हणाल्या. "मला वाटलं मी. तरी म्हणलं, पुलावर बाई एकच कशी? दोघी जाणार हुतो ना आपण."

"मी न्हाई जात एकटी."

"तू गेलीस की. सात दिस झाले." आणि त्यांनी सुनेला हाक मारून भाकरी मागितली. दीड भाकरी खाल्ली. संध्याकाळी विळी घेऊन कांदा चिरायला बसल्या, आणि कोणी अडवलं नाही.

त्यानंतर न जाण्याला मला कारण सापडेना. नातीने सुट्टी काढली होती. विमानतळावर म्हाताऱ्या माणसाला चाकांच्या खुर्चीत बसवून इकडून तिकडे नेतात, आपल्याला काही करावं लागत नाही. शनिवारी निघाले. शेजारच्या पडवीतून गाठोडं घेतलं. दारात मी "येते" म्हटलं. जाऊबाई म्हणाल्या, "बुधवारी ऊन पडंल. पुलावर दुपारच्याला जा."

बुधवारी ऊन पडलं. साडी कुठली नेसायची हा प्रश्न होता. तपकिरी न नेसणं म्हणजे त्या सगळ्यावर विश्वास ठेवण्यासारखं झालं असतं, म्हणून मी तीच नेसले. नात सोबत होती, पण पुलावर जाईपर्यंत मला तिला एकही रस्ता विचारावा लागला नाही. पिवळं घर, दोन पायऱ्या, घड्याळ. पुतळ्यांना इथे चेहरे होते, एवढाच फरक.

मधोमध थांबून नातीने घरी फोन लावला. काचेवर जाऊबाई दिसल्या.

"जरा डावीकडं सर," त्या मला म्हणाल्या. "अजून. हां. पिशवी खांद्याला लाव." मी लावली. "तुझं तोंड न्हाई दिसत. पुसल्यावानी दिसतंय."

"नेट कमी आहे, आज्जी," नात म्हणाली.

"तुझं तर लख्ख दिसतंय. धाकटे, तिच्या तोंडावरनं हात फिरव माझ्या वाटचा."

तेवढ्यात फोन बंद पडला. नातीने तो पर्समध्ये टाकला आणि माझ्यापुढे वाकून उभी राहिली. मी दोन्ही हात तिच्या कपाळापासून गालांवरून खाली आणले. पोरीची कातडी थंड होती, वाऱ्याने. मग मुठी माझ्या कानशिलांवर टेकवल्या, कारण ते केल्याशिवाय पुरं होत नाही. माझी बोटं कित्येक वर्षांत वाजलेली नाहीत. ती वळतच नाहीत. मी नुसती टेकवली.

दहाच्या दहा वाजली. एकापाठोपाठ एक, स्वच्छ.

"किती जोरात मोडलीस गं," नात हसत म्हणाली. "अगदी आज्जीसारखी."

मी हात खाली घेतले आणि बघितले. बोटं होती तशीच आखडलेली. मी पदर खोचला आणि तिला म्हटलं, कागद काढ, पुढं काय लिहिलंय ते बघ.