मोकळ्या हवेतल्या कोंबड्या

पीथमपूरच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर देवासच्या मानसिंगरावांनी हाटपिपल्याच्या रस्त्यालगत कोंबड्यांचं शेड टाकलं. पिल्लं पुरवणारा व्यापारी म्हणाला होता, "भिया, पाण्यात रोज ही दवा घाला, एक पक्षी बीमार पडणार नाही." मानसिंगराव घालत गेले. दाटीवाटीनं वाढलेले पक्षी झटपट विकले जात. सगळं छान चाललं होतं.

मग त्यांच्या बायकोला, इंदूला, लघवीचा संसर्ग झाला. औषधं बदलली तरी ताप हटेना. नेहमीची औषधं जंतूंवर चालत नाहीत असा रिपोर्ट पाहून डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कोंबड्या पाळता का?"

मानसिंगरावांनी पाण्यातल्या रोजच्या दवेचंही सांगून टाकलं.

"त्यांच्यामुळेच झालं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही," बाई म्हणाल्या, "पण धडधाकट पक्ष्यांना रोज औषध पाजलं की जंतू त्या औषधाला जुमानेनासे होतात. मांसातून, हातांतून ते आपल्यापर्यंत येतात."

अखेर सलाईनमधून दिलेलं एक औषध लागू पडलं. इंदू उठून बसली तेव्हा मानसिंगरावांनी तोंड फिरवून डोळे पुसले.

भावजयीजवळ राहायला धारहून थोरली बहीण कमलअक्का आली. तिची हयात कोंबड्या पाळण्यात गेलेली. शेडमध्ये पाऊल टाकताच तिनं नाकाला पदर लावला.

"मान्या, इथं तुला तरी श्वास घेता येतो का रे? आधी हवा दे त्यांना."

नुसतं सांगून ती गेली नाही, राहिली. दोघांनी भिंती फोडून जाळी बसवली, ओला भुसा उपसून कोरडा पसरला, कडुलिंबाखाली कुंपण घालून पक्ष्यांना हिंडायला जागा केली. नवी पिल्लं निम्मीच आणली. त्यातली काही दगावली तेव्हा मानसिंगरावांचा हात पुन्हा दवेच्या डब्याकडे गेला.

"आजारी असतील त्यांना दे, तेही जनावरांच्या डॉक्टरला विचारून," अक्का म्हणाली. "बाकीच्यांना कशाला?"

आता पक्षी सावकाश वाढतात. औषध दिलेला पक्षी डॉक्टरनं सांगितलेले दिवस उलटेपर्यंत मानसिंगराव विकत नाहीत. "महाग देता हो," अशी कुरकुर करणारी गिऱ्हाइकंही परत येतात.

परवा नवराबायको धारला गेले होते. मानसिंगराव म्हणाले, "अक्का, तू तेव्हा आली नसतीस तर..."

इंदूनं अक्काचा हात हातात घेतला.

"पुरे आता," अक्का म्हणाली, पण हात तिनं सोडवून घेतला नाही.