करवतबाईंचं वाक्य

ताई एका साप्ताहिकात मुद्रितं तपासायची आणि बावीस वर्षं शेवटच्या पानावरचं अक्षरकोडंही रचायची. एखाद्याचं वाक्य घ्यायचं, त्यातलं अक्षर न् अक्षर चिठ्ठ्यांवर लिहायचं, चिठ्ठ्या जुळवून नवे शब्द करायचे. एकही अक्षर कमी पडायला नको, उरायला नको. वाचकांनी दिलेल्या अर्थांवरून ते शब्द ओळखायचे आणि त्यांतली अक्षरं आकड्यांप्रमाणे खालच्या चौकटींत भरून मूळ वाक्य शोधायचं. वर त्या शब्दांची पहिली अक्षरं खालोखाल वाचली की वाक्य ज्याचं, त्याचं नाव निघायला हवं! घरी बहीण कुरकुरायची, "तुझ्या चिठ्ठ्यांपायी पंखा बंद. उकडून मरायचं का आम्ही?"

पन्नासाव्या वर्षाच्या अंकासाठी मालकांनी वाक्य धाडलं. वाचकाला अडाणी समजेल त्याने लेखणी खाली ठेवावी, अशा अर्थाचं. आणि खाली नाव मालकांचं! ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वाक्य इथल्या जुन्या संपादक करवतबाईंचं होतं. लेखांतला फापटपसारा सपासप कापायच्या म्हणून हे नाव पडलेलं. ताईला हाताला धरून काम त्यांनीच शिकवलं. त्या वारल्या तेव्हा अंकात दोन ओळीही आल्या नाहीत, आणि आता त्यांचं वाक्यही पळवायचं? ताई दोन दिवस चिठ्ठ्यांशी झगडली. शेवटच्या 'ई'पाशी घोडं अडलं, तेव्हा 'ईर्षा' सापडली.

मग कोडं घेऊन ती थेट मालकांच्या खोलीत गेली. "साहेब, छापायच्या आधी तुम्हीच सोडवा."

मालक खूश. पण पेन हातात घेऊन अडले. "पहिलाच शब्द येत नाही हो!"

"येतो तो आधी भरा. त्यातलं प्रत्येक अक्षर खालच्या त्याच आकड्याच्या चौकटीत टाका. अर्धंमुर्धं वाक्य दिसलं की बाकीचं ओळखू येतं. त्यातून मग अडलेले शब्द सुटतात."

रबर आला, तराजू आला, वाक्य पुरं झालं. मालकांची कळी खुलली.

"आता पहिली अक्षरं वरून खाली वाचा."

"क... र... व..." मालकांचा चेहरा उतरला. "हा काय आगाऊपणा? माझं नाव घाला!"

"घातलं असतं हो. पण तुमच्या नावातला 'भ' या वाक्यात औषधालाही नाही. बाईंचं नाव मात्र त्यात अख्खं आहे."

"ताई, नोकरी जाईल."

"गेली तर गेली! जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या, ही गिळणार नाही. फाडायचा तर फाडा कागद. पण बघून फाडा. बाईंचं नाव तुमच्याच हस्ताक्षरात आहे."

मालकांनी पेन खाली ठेवलं. तेव्हा तिनेच कागद उचलला आणि खाली छापखान्यात नेऊन दिला.