पूजेपुरते काढलेले टेकू

स्लॅब पडला तेव्हा मी मागच्या खोलीत भाकरी थापत होते. आधी लाकूड मोडल्यासारखा आवाज आला, मग जमीन हलली आणि तव्यावरची भाकरी धुळीने माखली. मी पुढे धावले. पुढच्या दुकानाचं छत खाली बसलं होतं, सळया वाकून लोंबत होत्या. आतून छताला टेकू लावणारा सेंटरिंगचा मिस्त्री ओरडत होता. त्याच्याबरोबर झाडायला गेलेल्या बिगारी बाईचा आवाज येत नव्हता. थोड्या वेळापूर्वी तिने माझाच खराटा मागून नेला होता.

सत्तर साल उलटून गेलं होतं. भाईंदर पूर्वेला शेतं आणि मिठागरं, त्यात मधेच एखादी इमारत उठायची. माझे यजमान रत्नागिरीकडचे, डिप्लोमा झालेले, त्या इमारतीचे इंजिनिअर. इमारत बांधणाऱ्या शेठने आम्हाला तळमजल्याचीच मागची खोली राहायला दिली होती. मी चौथी पास. पण बांधकामावर राहून एवढं कळलं होतं की वर सिमेंट ओतलं की खालून बल्ल्यांचे टेकू देतात, आणि सिमेंट पक्कं होईपर्यंत त्या टेकूंना हात लावायचा नाही.

पुढचं दुकान शेठने एका गिऱ्हाइकाला दसऱ्याच्या मुहूर्तावर द्यायचं कबूल केलं होतं. स्लॅब भरून जेमतेम आठवडा झालेला. यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "टेकू हलवू नका." शेठ हसला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी हे सिमेंटच्या सरकारी परमिटसाठी ठाण्याला गेले, आणि शेठ नारळ, हार, चौरंग घेऊन आला. माझ्या दारातच उभा राहून मिस्त्रीला म्हणाला, "अरे, या बल्ल्यांच्या जंगलात पूजा मांडायची कुठे? मधले टेकू काढ. उद्या पूजा झाली की परत लाव."

मिस्त्री म्हणाला, "साहेब नाहीत."

"साहेबाला मी बघतो. पूजेपुरतंच तर आहे."

पूजेपुरतं. जसं काही छताला सांगून ठेवलं होतं की उद्यापर्यंत थांब. मिस्त्रीने मधले टेकू काढले आणि बाई खालची जागा झाडायला लागली.

स्लॅब पडल्याच्या चौथ्या दिवशी शेठ वकिलाला घेऊन आमच्या खोलीवर आला. पोलीस यांना एकदा विचारून गेले होते. वकील खाटेवर बसला आणि गोड बोलला.

"साहेब, तुम्ही एवढंच म्हणायचं की टेकू काढायला मीच सांगितलं होतं, माझा अंदाज चुकला. अंदाज चुकला तर इंजिनिअरला फारसं काही होत नाही. मी आहे ना. शेठवर आलं तर काम बंद, मग सगळ्यांच्याच पोटावर पाय."

यांनी चहाचा कप खाली ठेवला.

मी म्हटलं, "अंदाज यांचा नव्हता. हे ठाण्याला होते."

"वहिनी, हे कायद्याचं आहे," शेठ म्हणाला. "तुम्ही जरा अजून चहा टाका."

"दूध संपलं. आणि नारळ कोणी आणला होता, तेही कायद्यात विचारतील का?"

वकील उठला. शेठ दारात थांबून यांना म्हणाला, "घरात कोण बोलतं ते आधी ठरवा, इंजिनिअरसाहेब."

ते गेल्यावर हे म्हणाले, "नाही म्हटलं तर भाईंदरात मला कोणी काम देणार नाही. ही खोलीही जाईल."

"जाऊ दे."

"तुला सोपं वाटतं."

"सोपं नाही. पण ती बाई तुमच्या नावावर मेली असं मी ऐकून घेणार नाही. आणि या खोलीचंही सांगा."

हे वर बघायला लागले. आम्ही बसलो होतो त्या खोलीच्या छताचे टेकूही वेळेआधी निघाले होते. शेठला घाई होती आणि आम्हाला राहायला जागा नव्हती, म्हणून तेव्हा हे "चालेल" म्हणाले होते. एकदा चालेल म्हणणाऱ्या माणसाचं पुढचं "नको" कोण मनावर घेतं? शेठ हसला तो त्यामुळेच.

"ते सांगितलं तर मीच अडकेन," हे म्हणाले.

"अडका. अर्धंच सांगितलंत तर उरलेलं तो वकील काढील, आणि मग पहिलं अर्धंही खोटं ठरेल."

पोलिसांनी शेठबरोबर यांच्यावरही आरोप ठेवला. कोर्टात यांनी दोन्ही सांगितलं. मलाही बोलावलं. शेठचा वकील म्हणाला, "बाई, तुम्ही नवऱ्याच्या बाजूने बोलणारच."

"बाजूने बोलायचं असतं तर मागच्या खोलीचं झाकलं असतं," मी म्हटलं.

"शिक्षण किती?"

"चौथी. कान दोन्ही चांगले आहेत."

कोणीतरी मागे हसलं. त्यानंतर मिस्त्री कुबड्यांवर आला. इस्पितळात शेठची माणसं त्याच्या उशाशी बसायची, म्हणून तो काय बोलेल याची मला खात्री नव्हती. त्याने शेठकडे बोट केलं आणि शेठचेच शब्द सांगितले, पूजेपुरतंच तर आहे.

यांच्यावरचा आरोप टिकला नाही, पण कोर्टाने मागच्या खोलीवरून चार शब्द सुनावले, आणि ते बरोबरच होतं. शेठचं प्रकरण वर्षानुवर्षं चाललं. खोली गेली. आम्ही जवळच्या खारी गावात भाड्याने राहिलो. बांधकामावर यांना पुन्हा कोणी उभं केलं नाही. हाटकेशच्या एका छोट्या कारखान्यात हे लोखंडाची मापं घेत राहिले. शेजारणी म्हणायच्या, जरा सांभाळून घेतलं असतं तर आज बंगला असता. मी म्हणायची, असता, आणि त्यात मला झोप लागली नसती. एकीने विचारलं, पस्तावा होत नाही? नाही. आजही नाही.

माझा खराटा पोलिसांनी परत आणून दिला होता. मी तो वापरला, झिजेपर्यंत.

त्या स्लॅबखाली दोघं होती. बाई गेली. मिस्त्री जगला.