तळ्याची उताराची बाजू

दामूदादा गेल्याचं कळलं तेव्हा मी परसातल्या तळ्याकाठी खुर्ची टाकून पहाऱ्याला बसलो होतो. त्यांची सून कुंपणापाशी आली, म्हणाली, "मास्तर, दादा सकाली उठलेच नाईत हो…" मला आधी दुःख झालं नाही, भीती वाटली. हे तळं आता माझ्या एकट्याच्या गळ्यात! तीन आठवडे झाले, तरी त्या पहिल्या विचाराची लाज वाटते.

पाण्याला मी फार भितो. साताऱ्याकडच्या आमच्या गावी माझा धाकटा भाऊ विहिरीत पडला. विहिरीला पायऱ्या नव्हत्या. मी आठ वर्षांचा, काठावर उभा. त्याची बोटं दगडांवरून घसरताना मी पाहिली आहेत… पुढे आयुष्यभर शाळेत शिकवलं, पोरांच्या सहली काढल्या, पण नदीकाठी एकही नाही. अशा माणसाच्या उलव्यातल्या घरामागे तळं करायचा घाट दामूदादांनी घातला, आणि सईनं, माझ्या पाच वर्षांच्या नातीनं, तो उचलून धरला. तिला कमळं हवी होती. मग माझं कोण ऐकतंय?

दामूदादा शेजारचे, इथल्याच जुन्या गावातले, वडिलांबरोबर मिठागरात राबलेले. मिठागराचा तळ पायांनी तुडवून घट्ट करतात. आमच्या खड्ड्यातली ओली मातीही ते लुंगी खोचून तशीच तुडवत बसले, टाच उमटेनाशी होईपर्यंत. वर प्लास्टिकच घालायचंय तर मातीचे एवढे लाड कशाला, असं मी म्हटलं. "प्लास्टिक फाटंल, मास्तर. पायाखालची माती दगा देत नाय."

आमचं वाजलं ते वेगळ्याच गोष्टीवरून. तीन बाजू त्यांनी सरळ कापल्या आणि घराकडची चौथी उताराची ठेवली. पोर चालत चालत आत जाईल की! मी नाही नाही ते बोललो. ते शांतपणे म्हणाले, "पडनारा कुठनंबी पडतो. भाईर कुठनं यायचं, ता ठावं पायजे." माती चार दिवस गोणपाटाखाली वाळवून त्यांनी वर जुन्या चादरी अंथरल्या, त्यावर काळं जाड प्लास्टिक ताणलं आणि पाणी सोडलं. त्या दिवसापासून मी सकाळ-दुपार पहाऱ्याला. सईला काठाच्या हातभर अलीकडेच थांबायची सक्ती. दामूदादा कुंपणावरून चिडवायचे, "वॉचमन, पगार वाढला का?"

ते गेल्यावर मात्र माझा धीर सुटला. मुलाला म्हटलं, बुजवून टाकू. मातीचा टेम्पो सांगितला. पाणी उपसलं, प्लास्टिक ओढलं, चादरी काढल्या. तळ फरशीसारखा गुळगुळीत, एक खूण नाही. पण उतारावर लहान लहान पावलं होती. वाळलेल्या मातीत रुतलेली बोटं, सगळी वर चढणारी. एकावर एक, कितीतरी.

सईला हाक मारली. ती म्हणाली, "दादा मला तिथून रोज चढायला लावायचे. डोळे मिटून पण."

"कधी?"

"तुम्ही दुपारी खुर्चीत झोपायचा ना, तेव्हा. पाणी भरल्यावर पण. दादा आत उभे राहायचे. तुम्हाला सांगायचं नव्हतं, तुम्ही घाबरता म्हणून."

म्हणजे माझ्या नाकासमोर! दामूदादा असते तर त्या क्षणी मी त्यांची गचांडी धरली असती… आणि मग बहुधा ती धरूनच रडलो असतो.

टेम्पोवाल्याला परत पाठवलं. चादरी पुन्हा अंथरायच्या आधी चपला काढून त्या उतारावर उतरलो. तळाशी पोचलो, तशी काठावरून सई म्हणाली, "आजोबा, आता डोळे मिटा आणि या वर."

मी वर आलो. डोळे मात्र मिटता आले नाहीत.