अठरा सप्टेंबरची पंगत

इंदूताई ढोमणे कोणाच्या घरची बेल वाजवत नाहीत. दारातून हाक मारतात, "आहे का जी कोणी?" आणि उत्तर यायच्या आत चपला काढून आत. मागोमाग चहाचं भांडं गॅसवर चढल्याचा आवाज येतो. मी याच जबलपूरमध्ये वीस-बावीस वर्षं लोकांच्या दारात उभा राहतो आहे. मोर्चाला चला म्हणून, सही करा म्हणून, वर्गणी द्या म्हणून. मला पाणी मिळतं. दारातच. ग्लास लवकर परत करावा अशा बेतानं.

हे मला आधी कधी खुपलं नव्हतं. बावीस सालच्या त्या जेवणापासून खुपायला लागलं.

बाई दिसायला काहीच नाही. साठीला आलेली, बुटकी, खांद्याला रेक्झिनची काळी पिशवी. नवरा फॅक्टरीतून रिटायर. या पोस्टाच्या आरडीच्या एजंट. एक तारखेपासून दहा तारखेपर्यंत आमच्या गढा भागात आणि फॅक्टरीच्या क्वार्टरांमध्ये घरोघरी जायचं, हप्ता घ्यायचा, कार्डावर सही करायची, पोस्टात भरायचा. पस्तीस वर्षं हेच. भाषण येत नाही. साधा अर्ज लिहायचा तर 'विषय' कुठं लिहायचा, हे मला विचारतात.

आणि मी? शाळा आठवीत सुटली, पण कायद्याची कलमं तोंडपाठ. रेशनवाला मला बघून वजनकाटा पुसायला घेतो. एकवीसच्या एप्रिलमध्ये, सख्खा भाऊ सख्ख्या भावाला हात लावत नव्हता, तेव्हा ऑक्सिजनचं सिलिंडर खांद्यावर घेऊन तिसऱ्या मजल्यावर चढणारा माणूस मी होतो. हे मीच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही.

आमची संस्था 'संगत'. कुंडमकडच्या गावांतल्या बावीस पोरी गढ्यात भाड्याच्या घरात राहून शिकायच्या. खर्च निघायचा वर्षातून एका जेवणावर: मराठी घरांनी जेवणाचं पान, म्हणजे पास, विकत घ्यायचं, सभागृहात येऊन जेवायचं, जाताना जमेल ते पेटीत टाकायचं. ते जेवण मी उभं करायचो आणि माईकवर मीच असायचो. दोन हजार वीसच्या मार्चमध्ये सगळं बंद झालं, पोरी गावी गेल्या. बावीस साली घरमालक म्हणाला, दसऱ्यापर्यंत थांबतो, पुढं दुसऱ्याला देतो. घर गेलं की वसतिगृह गेलं, आणि सात पोरी यंदा दहावीच्या. म्हणजे जेवण व्हायलाच पाहिजे होतं, तेही दसऱ्याच्या आत.

मी कामाला लागलो. सभागृह ठरवलं अठरा सप्टेंबर, रविवार. मॅनेजरनं दोनदा विचारलं, "भैया, अठारा? पक्का?" मी म्हटलं, पक्का, भाव बोला. त्यानं अर्ध्यात दिलं. केटरर तर हात जोडून आला. मला वाटलं, आपली जरब. अध्यक्ष शशिकांतजी नागपूरला लेकीकडे होते, त्यांना फोनवर 'जेवण ठरवलं' एवढंच सांगितलं. दोनशे पासेस छापून आणले.

दहा दिवसांत गेले एकोणीस.

ज्या घरी जावं तिथं काही ना काही. कोणी बाहेरगावी जाऊन राहिलं होतं, कोणाचं पोट बिघडलं होतं, एकानं तर कुत्रं आजारी आहे म्हणून सांगितलं. मी भडकलो. सदर बाजारच्या त्या कुत्र्यावाल्या रिटायर साहेबाला दारातच ऐकवलं, "तुमच्या घरात सिलिंडर आलं तेव्हा नव्हतं का कुत्रं आजारी?" त्यानं दार लावलं.

शशिकांतजी परत आले, त्यांनी बैठक बोलावली आणि बैठकीला इंदूताईंना घेऊन आले. मला न विचारता.

"या इथं काहून?" मी विचारलं.

"या घरोघरी जातात, गौतम. बघू काय म्हणतात."

इंदूताईंनी पास हातात घेतला, लांब धरून वाचला आणि हसू दाबलं. "गौतमभाऊ, तारीख कोणी काढली?"

"मी. का?"

"पितृपक्ष आहे ना जी. लोक समारंभाला येतात का या पंधरवड्यात? तुम्हाला तोंडावर सांगायची हिंमत नाही कोणाची, म्हणून पोट बिघडून राहिलं सगळ्यांचं."

वसतिगृह सांभाळणारी विनीता फस्सकन हसली. शशिकांतजींनी चष्मा काढून पुसायला घेतला. माझे कान तापले. आमच्या घरात हे मानत नाहीत, मी पंचांग बघत नाही, आणि सभागृह अर्ध्यात का मिळालं ते मला तिथं, त्या खुर्चीवर बसून कळलं.

"मग बदला तारीख," मी म्हटलं.

"नवरात्रात जागा नाही, दसऱ्याला घर जाते," शशिकांतजी म्हणाले.

इंदूताई पासकडं बघतच होत्या. मग म्हणाल्या, "तारीख राहू द्या. जेवण बदलू."

"म्हणजे?"

"एकवीसमध्ये जे गेले, त्यांची तेरवी कुठं झाली? चार माणसंसुद्धा जेवली नाहीत कोणाच्या नावानं. वारसाचे फॉर्म मीच भरले ना पोस्टात, मला घरं माहीत आहेत. त्या घरांना म्हणू, तुमच्या माणसाच्या नावाचं जेवण घाला. सगळ्यांचं एकत्र. पैसा पोरींना."

मी उभा राहिलो. "संस्थेत श्राद्ध घालायचं? मी असेपर्यंत नाही."

"श्राद्ध कोण म्हणते? भटजी नाही, पिंड नाही. बसायचं आणि जेवायचं."

"नाव बदललं की वस्तू बदलते का?"

"बसा हो भाऊ," त्या म्हणाल्या. "माणूस मेला आणि लोकांना जेवू घालायचं राहून गेलं, याच्यात देव कुठं आला?"

याला उत्तर होतं. नक्की होतं. मला ते घरी गेल्यावर सुचलं.

ठराव झाला. मी म्हटलं, घरोघरी जाताना मी सोबत असणार. संस्थेचं तोंड मी आहे. इंदूताई म्हणाल्या, चला.

पहिलंच घर यशश्री वऱ्हाडपांडेचं. तिचे सासरे, बाबाराव, मेच्या पहिल्या आठवड्यात गेले होते. त्या घरी मी तीनदा सिलिंडर पोचवलं होतं. तिसरं उपयोगी पडलं नाही. मला वाटलं, इथं तरी आपल्याला बस म्हणतील. यशश्रीनं दार उघडलं, इंदूताईंना बघून हसली. मग त्यांच्या मागं मला बघितलं आणि तिचा चेहरा उतरला.

इंदूताई आत जाऊन बसल्या. मीही बसलो. चहा आला. इंदूताईंनी काही समजावलं नाही, एवढंच विचारलं, "बाबारावांना काय आवडायचं गं?"

"कढी. आणि फुहारा बाजारातली खोव्याची जिलबी. डॉक्टरनं मना केली होती, तरी खिशात घालून आणायचे. शर्टाला तूप लागायचं न." ती बोलत गेली. पंधरा मिनिटं तरी बोलली असेल. चार पानं तिनं स्वतःच सांगितली, मागावी लागली नाहीत.

निघताना मला राहवलं नाही. म्हटलं, "वहिनी, मी गेल्या आठवड्यात आलो होतो. तेव्हा तुम्ही घरात नाही असं सांगायला लावलं."

यशश्रीनं खाली बघितलं. "भैया, बुरा मत मानना. तुम्ही खूप केलं आमच्यासाठी. पण तुम्ही दारात दिसले की मला जिन्यावरचा तो सिलिंडरचा आवाज ऐकू येतो. ठक, ठक. मग दिवसभर काही होत नाही माझ्याच्यानं."

जिना उतरताना इंदूताई काही बोलल्या नाहीत. त्या वेळी काही बोलल्या असत्या तर मी तिथंच भांडलो असतो. त्यांना तेही कळलं, याचा मला जास्त राग आला. ज्या घरांत मी सिलिंडर पोचवलं, त्याच घरांत यांनी नंतर वारसाचे फॉर्म भरले. यांना चहा, मला आवाज. हा कुठला हिशेब?

पुढच्या घरांना मी गेलो नाही. सभागृहाच्या कामात राहिलो.

सहा दिवसांत दोनशे बारा पानं झाली. खुर्च्यांवरची बुफे पद्धत रद्द, पंगत ठरली. पनीर गेलं, कढी आली. पत्रावळी कुंडमच्या, आमच्या पोरींच्या आयांनी माहुल वेलीच्या पानांच्या शिवलेल्या. त्या मात्र मी सांगून आणवल्या. केटररला मेनू समजावला तोही मीच. रविवारी सकाळी शशिकांतजी सगळ्यांना सांगत होते, "इंदूताईंची कल्पना, इंदूताईंची कल्पना." मी त्यांच्या शेजारी उभा होतो.

भाषण मी खिशात घेऊन गेलो होतो. दोन पानी, चांगलं होतं. पंगत बसली, वाढून होत आलं, मी माईककडं निघालो, तर इंदूताईंनी तो बंद करायला लावला. म्हणाल्या, "पहिला घास घ्यायच्या आधी आपापल्या माणसाचं नाव घ्या. मोठ्यानं. एकामागून एक."

भिंतीकडून यशश्रीचा आवाज आला, "बाबाराव वऱ्हाडपांडे." मग शेजारची. मग तिच्या पुढचा. काही नावं मराठी, काही हिंदी, एका म्हाताऱ्यानं बायकोचं नाव आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं घेतलं असावं, दोनदा अडखळला. मला त्यातली कितीतरी नावं माहीत होती. काहींना तर मी उचललं होतं. मी वरणाची बादली घेऊन दोन रांगांच्या मधे उभा होतो आणि, खोटं कशाला बोलू, माझ्या मनात येत होतं, एकानं तरी माझ्याकडं बघावं. कोणी बघितलं नाही. सगळे पानाकडं बघत होते.

"वरण तिकडं न्या जी, शेवटची रांग राहिली," इंदूताई हळूच म्हणाल्या. मी नेलं.

पेटी उघडली तेव्हा वर्षभराचं भाडं निघून वर उरलं. लोक दारात थांबून इंदूताईंचे हात धरत होते. दोघी-तिघी माझ्यापाशी आल्या आणि म्हणाल्या, कढी छान झाली होती, भैया.

घर राहिलं. आता पोरी परत आणायच्या होत्या. पुढच्या बैठकीत विनीता म्हणाली, गावात जाऊन आईबापांशी बोलावं लागेल, अडीच वर्षं झाली, काहींची लग्नं ठरून राहिली. सगळ्यांनी इंदूताईंकडं बघितलं. त्या म्हणाल्या, "मला तिकडं कोण ओळखते? गौतमभाऊच जातील." मी गेलो. त्या म्हणाल्या म्हणून गेलो नाही, मी जाणारच होतो.

चार फेऱ्या केल्या. बावीसपैकी अठरा पोरी आल्या, दहावीच्या सातांपैकी पाच. बापांना मी कायदा सांगितला, अठराच्या आत लग्न केलं तर काय होतं तेही सांगितलं. सोळा घरांत तो चालला, दोन घरांत पोरीच बॅग घेऊन निघाल्या. उरलेल्या चार घरांत बाप माझ्याशी बोलतात, खाट टाकतात, मान डोलावतात. आया मात्र आतून बाहेर येत नाहीत. मी ओरडून विचारतो, आतून काही उत्तर नाही.

तिसऱ्या वेळी त्यातल्या एका दारासमोर उभं राहून मला कळलं, इथं कोण आत जाऊ शकेल. कळलं आणि मी तसाच बसनं परत आलो. दोन दिवस कोणाला सांगितलं नाही. चार पोरींपेक्षा माझं तोंड मोठं आहे का, असं मी स्वतःलाच विचारलं, आणि पहिल्या दिवशी उत्तर 'हो' असंच येत होतं.

तिसऱ्या दिवशी फोन लावला.

"इंदूताई, रविवारी कुंडमला येता का? सातची बस आहे."

"येते ना जी. साडेसहालाच जाऊन तुमची जागा धरून ठेवते."

"माझी जागा मी धरतो," मी म्हटलं आणि फोन ठेवला. रविवारी सहालाच निघणार आहे.