दोन घोड्यांची आजी

आधी बंदुकीचा डावा घोडा, मग उजवा. अंगठ्यानं एकेक घोडा मागे ओढायचा, 'खट्, खट्' ऐकून मान डोलवायची, आणि मगच नेम धरायची मातीची तबकडी हवेत सोडायला सांगायची. मैदानावरच्या बाकीच्यांच्या बंदुका नव्या, त्यांचे घोडे आत लपलेले. एवढ्या वेळात त्यांचे दोन-दोन बार होऊन जायचे. आमचे ओजीसान, म्हणजे आजोबा, शांतपणे म्हणायचे, "घाई कुणाला आहे?"

ते जपानमध्ये, त्सुकुबात, आमच्या संशोधन संस्थेच्या वर्कशॉपमध्ये लेथवर होते. निवृत्त झाल्यावर कळलं की ते आमच्याच गल्लीत राहतात. वयामुळे त्यांनी गाडीचं लायसन परत केलं होतं, बंदुकीचं नव्हतं. त्यामुळे रविवारी त्यांना नेमबाजीच्या मैदानावर न्यायचं काम माझ्याकडे आलं. परवाना नसलेल्यानं बंदुकीला बोटही लावायचं नाही, असा तिथला कायदा. गाडी थांबली की ओजीसान म्हणायचे, "हात मागे." मी पुण्याच्या शाळेत उभा राहायचो तसा हात मागे बांधून उभा राहायचो.

बंदूक त्यांच्या आजोबांची, दोन नळ्यांची, शंभरी ओलांडलेली. तिला ते 'आजी' म्हणत. तिला हलकी काडतुसंच चालायची. "या वयात जड पचत नाही," ते सांगायचे, आणि बार झाला की दस्त्यावर थोपटून विचारायचे, "थकलात का, आजी?"

हिवाळ्यात आम्ही शिकारीला जायचो. कापणी झालेल्या भातशेताच्या बांधावरून कीजी नावाचा रंगीत रानपक्षी फडफडत उठायचा. ओजीसान डावा घोडा ओढायचे, मग उजवा, तोवर पक्षी पलीकडच्या गावात. "बघितलंत? किती छान उडाला!" मी शाकाहारी माणूस. मला याहून चांगला शिकारी कुठे मिळणार होता?

परवान्याची मुदत वाढवायची असली की तिथे पोलीस शेजाऱ्यांकडे चौकशी करतात. माझ्याकडे एक तरुण हवालदार आला.

"ते रागीट आहेत का?"

"छे! फार प्रेमळ."

इथेच थांबायला हवं होतं. पण आपल्याकडे कुणाचं कौतुक एका वाक्यात कधी संपतं का? मी त्याला बसवलं, आल्याचा चहा दिला आणि म्हटलं, "अहो, ते बंदुकीलासुद्धा आजी म्हणतात. थकलात का, असं विचारतात तिला!"

हवालदाराचं पेन थांबलं. "आणि बंदूक काय म्हणते?" त्यानं विचारलं.

ओजीसानांना डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला पुन्हा आणावा लागला. मी आठवडाभर तोंड चुकवत होतो. शेवटी तेच हातात एक भलामोठा मुळा घेऊन दारात उभे राहिले. "तुम्ही खरं तेच सांगितलंत," ते म्हणाले. "पण पोलिसांना खरं थोडक्यात सांगावं."

परवाना मिळाला, पण पुढच्या हिवाळ्यात अंगठ्यानं दगा दिला. संधिवात. डावा घोडा अर्ध्यावर येऊन अडला. ओजीसानांनी काडतुसं काढून घेतली आणि गाडीत येऊन बसले. वाटेत म्हणाले, "मुलीला बंदूक नको आहे. परवाना असलेल्या कुणी ती घेतली नाही, तर आजीचे तुकडे करून टाकतील." मला फार वाईट वाटलं, आणि त्या भरात मी बोलून गेलो, "मी काढतो परवाना."

"तुम्ही? शाकाहारी?"

"तबकड्या शाकाहारीच असतात, ओजीसान."

ते घरापर्यंत हसत होते.

परवान्याची जपानीतली परीक्षा मी दुसऱ्या खेपेला पास झालो. चौकशीला हवालदार तोच. "नवरा रागीट आहे का?" त्यानं माझ्या बायकोला विचारलं. "भांडी घासताना," ती म्हणाली. मग तो ओजीसानांकडे गेला आणि दोन मिनिटांत बाहेर आला. मी धावत गेलो. "काय सांगितलंत?"

"थोडक्यात सांगितलं. म्हटलं, हा माणूस घाई करत नाही."

परवान्याचा कागद हातात आला, तेव्हा ओजीसानांना जाऊन तीन आठवडे झाले होते. थोडी घाई करायला हवी होती, असं मला अजून वाटतं. त्यांच्या मुलीनं बंदूक शस्त्रांच्या दुकानात ठेवायला दिली होती. सगळे सोपस्कार होऊन ती माझ्याकडे आली.

पहिल्या रविवारी मैदानावर एकटाच गेलो. गाडीतून उतरलो आणि माझे हात आपोआप मागे गेले. मग बंदूक काढली. डावा घोडा, उजवा घोडा. तबकडी सुटली, बार झाला, आणि तबकडी अख्खीच्या अख्खी लांब गवतात जाऊन पडली. मागून कुणीतरी काही म्हणेल म्हणून मी थांबलो. डोळे भरून आले. मग मीच मोठ्यानं म्हटलं, "किती छान उडाली!" आणि दस्त्यावर थोपटून विचारलं, "थकलात का, आजी?"

तुमच्याकडे तो हवालदार चौकशीला आलाच, तर एवढं मात्र सांगू नका.